गुडबायमधला देव

माझं डोकं तापलं की मी इंग्रजीवर घसरते, आणि त्या दिवशी ते शाळेच्या पायरीवरच तापलं होतं. पहिलीतल्या माझ्या यशोधराला प्राचार्यबाईंनी सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं. गुन्हा काय, तर घरी निघताना ती बाईंना 'जय भीम' म्हणाली. आमच्या कॉलनीत चहाला आलेला माणूसही तसंच म्हणून निघतो, मग पोर दुसरं काय म्हणणार?

बाईंनी मला केबिनमध्ये बसवून साखर पेरत सांगितलं, की शाळेत धार्मिक काही चालत नाही, इथे सगळी मुलं 'गुडबाय' म्हणतात. पुन्हा असं झालं तर दुसरी शाळा बघा.

मी ओझरच्या कॉलेजात इंग्रजीच शिकवते. म्हटलं, मॅडम, तुमचं गुडबाय म्हणजे 'देव तुमच्यासोबत असो'. लोकांनी बोलून बोलून झिजवलं, म्हणून देव दिसत नाही एवढंच. त्यांच्या मागे जानेवारी संपत आला तरी 'मेरी एक्समस'ची पताका लोंबत होती. त्यातला एक्स म्हणजे नुसती फुली नाही, ग्रीक लिपीतलं ख्रिस्ताच्या नावाचं पहिलं अक्षर आहे, हेही ऐकवलं. तुम्ही देता त्या हॉलिडेतही पवित्र दिवसच आहे म्हटलं.

"एवढं कोण बघतं हो?" बाई चिडल्या.

"मग आमचंच का बघता? आमच्या जय भीममध्ये तर देव नाहीच. माणूस आहे, शिकलेला."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, म्हणू दे तिला काय म्हणायचं ते. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! चांगली जिरवली, असंच मनात आलं.

यशोधरा बाहेर बाकावर बसली होती. तिचा हात धरून मी ताठ मानेनं गेटकडे निघाले. गेटवरचे भिकनकाका आमच्याच कॉलनीतले. रोजच्यासारखा त्यांनी हात वर केला. "जय भीम, यशूताई."

रोज ही त्यांच्याहून मोठ्यानं ओरडायची. आज तिनं मागे वळून केबिनच्या खिडकीकडे पाहिलं आणि माझ्या पदराआड गेली.

"बाय, काका," ती पुटपुटली.

काकांनी हात खाली घेतला. बोलायचं ते सगळं मी आत बोलून आले होते, आणि तेव्हा ती बाहेर बसली होती.