बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

मलकापूरच्या स्टेशनापलीकडे नीळकंठने जागा घेतली तेव्हा तिथे एक बाभूळ होती आणि पायात मोडतील तेवढे गोखरू. आता वाहेद मिस्त्रीने तिथे खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि सुतळीच्या कडेकडेने चुन्याची फक्की टाकली. झालं घर! भिंत नाही, छप्पर नाही, पण ज्याला त्याला आपापला कोपरा दिसू लागला.

वाहेदची एक रीत होती. पाया खणण्याआधी घरच्या माणसांनी त्या पांढऱ्या रेघांत थोडा वेळ नांदून पाहायचं.

"कागजावर सारंच मावते जी," तो म्हणे. "पाय टाकला का मंग समजते."

म्हणून त्या सकाळी सगळे नांदत होते. सोनाळ्याहून मुद्दाम आलेले नीळकंठचे काका किसनराव ओसरीत घोंगडी टाकून बसले होते आणि नसलेल्या चुलीवरच्या चहाची वाट पाहत होते. नीळकंठ तहसिलीत कारकून. स्वतः काढलेला नकाशा दोन्ही हातांत धरून तो खोल्याखोल्यांतून साहेबासारखा फिरत होता. त्याची आई रुखमाबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन न्हाणीतून निघाली ती थेट स्वयंपाकघरात.

"माय, भिंतीतून नका जाऊ!" वाहेद ओरडला.

"तू भिंत बांध, मंग अडव मले," म्हातारी म्हणाली आणि देवघराच्या भिंतीतून परत गेली.

शारदा, नीळकंठची बायको, मात्र कुठेच नांदत नव्हती. ती माजघरामागच्या लहान खोलीच्या रेघेपाशी उभी होती. ती बाळंतिणीची खोली. चौथा महिना लागलेला. नव्या घरातलं पहिलं बाळंतपण तिचंच व्हायचं होतं. नीळकंठच्या नकाशात या खोलीला एक दार होतं, तेही माजघरात उघडणारं. खिडकी नाही. बाळंतिणीला वारं लागू नये, ही सगळ्या घरांची चाल. त्यात नवं काय?

भाड्याच्या घरातली खोलीही अशीच होती. तिथे शारदाची पहिली मुलगी झाली आणि पाचवी पुजायच्या आतच गेली. का गेली, ते कोणी सांगू शकलं नाही, आणि शारदाने अंधाराला बोलही लावला नाही. तिचं दुःख वेगळंच होतं. तिने लेकीला पाहिलं ते फक्त दिव्याच्या उजेडात. रंग गोरा होता की सावळा, पापण्या काळ्या होत्या की भुऱ्या, काही म्हणता काही नक्की आठवत नव्हतं. या खेपेला जे काय पदरात पडेल, ते तिला दिवसाउजेडी पाहायचं होतं. एवढंच.

नीळकंठला तिने सांगून पाहिलं होतं. कचेरीत साहेबाशी दोन शब्द भांडणारा हा माणूस लगेच म्हणाला, "आईले विचार." आणि आईला विचारायची शारदाची छाती झाली नाही.

तोंडाने जमलं नाही ते तिच्या पायाने केलं. कोणी पाहत नाहीसं बघून तिने उगवतीच्या रेघेवरची वीतभर फक्की अंगठ्याने पुसली.

"आता हे कोनं पुसलं?" वाहेदला ते लगेच दिसलं. "आत्ताच त टाकली होती!"

किसनराव उठून आले. त्यांनी रेघ पाहिली, मग सगळ्यांचे पाय पाहिले. शारदाने अंगठा लुगड्याखाली ओढला, पण उशीर झाला होता.

"सूनबाई, चुना लागला तुमच्या पायाले."

शारदाची मान खाली. "खिडकी..." एवढंच ती पुटपुटली.

"बाळंतिणीच्या खोलीले खिडकी? नीळकंठा, कोनाच्या घरी पाह्यली बे तू? वारं लागलं मंजे?"

नीळकंठ नकाशात काहीतरी शोधू लागला. रुखमाबाईने घागर खाली ठेवली. आता सासू काय म्हणेल ते म्हणेल आणि तेच कायमचं ठरेल.

"भाऊजी," रुखमाबाई दिराला म्हणाली, "सोनाळ्याच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत घूस लागली होती. आठवते?"

"न आठवाले काय झालं? मायनं तीनदा भोक लिंपलं, तीनदा उकरलं तिनं. पिंजरा लावला, रोज भजं ठेवलं. भजं गायब, घूस काही सापडेना!"

"सापडन कशी? घूस मी होती."

किसनरावांचं तोंड उघडं ते उघडंच.

"नीळकंठाच्या वक्ती. उलथन्याच्या दांड्यानं उकरलं मातीच्या भिंतीले. तेवढा उजेड आला का पोराले पुढं धरो. दिव्यापाशी सारेच पोरं सारखे दिसतात. मले पाहाचं होतं, नाक कोनाचं घेतलं यानं."

"अन् भजं?"

"पथ्याचं खाऊ खाऊ जीव इटला होता, भाऊजी."

वाहेदने तोंडाला रुमाल लावला, पण त्याचे खांदे हलत होते. आपलं नाक चाचपणाऱ्या नवऱ्याकडे पाहून शारदालाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळेही भरून आले. इतकी वर्षं जिच्या पुढ्यात ती जपून पाऊल टाकत आली, ती बाई तिच्याही आधी त्याच अंधारात उजेड उकरत बसली होती.

"पन वारं?" किसनराव अजून पुरते हरले नव्हते.

"झडप लावू. वारं आलं का लावून घेईन. मी बसनार ना तिच्या उशाशी! उठा, ते घोंगडी द्या इकडं."

किसनरावांची घोंगडी ओसरीतून बाळंतिणीच्या खोलीत आली.

"शारदे, पड इथं. उंची पाहू दे मिस्त्रीले."

शारदा कुशीवर टेकली. चारी बाजूंनी मोकळं रान, वर आभाळ, आणि कोवळं ऊन थेट तिच्या हातापाशी, जिथे लेकरू निजणार तिथे. रुखमाबाईने रेघेवर उभं राहून हात आडवा धरला. "खिडकी इथून सुरू झाली, त दिसते का बाहेरचं?"

सासूला काहीतरी म्हणावं असं शारदाला फार वाटलं. पण सासूला म्हणायचा असा शब्द त्या घरात कोणी कधी वापरलेला नव्हता. तिने त्या आडव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "आत्याबाई, थोडी उशाकडे घ्या."

"काऊन? इथून त दिसते तुले."

"मले दिसते. तुमी उशाशी बससान ना? बसल्या जागी तुमालेही दिसलं पाह्यजे."

"मले आता काय पाहाचं राह्यलं, बाई?" रुखमाबाई म्हणाली. पण वीतभर हात उशाकडे सरकवला, आणि वाहेद खूण करून घेईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.