दाराकडे सरकणारं स्टूल

बॉयलरवाल्याने आयुष्यभर मिळवलेली सर्टिफिकेटं ट्रंकेच्या तळाशी घातली. सल्ला बायकोचाच होता. गिरणी बंद पडल्यापासून तो जिथे जाई तिथून हात हलवत परत येई. "तुमचा अनुभव फार मोठा, आम्हाला झेपायचा नाही," असं गोड बोलून, चहा पाजून लोक त्याला दार दाखवत. जसा काही अनुभव हा साथीचा रोगच!

"अहो, एवढं कळतं ते सांगता कशाला?" बायको म्हणाली. "हेल्पर होतो म्हणा. आणि मिळालं काम तर तोंडाला कुलूप लावा."

युक्ती लागू पडली. कपडे धुण्याच्या मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलरला लाकडं घालायची, राख काढायची. मालकाने एकच विचारलं, "बॉयलरमधलं काही कळतं?"

"नाही साहेब."

"उत्तम!" मालक म्हणाला आणि खरोखर खूश झाला. याचवेळी शंका यायला हवी होती, पण इतक्या दिवसांनी काम मिळालेला माणूस शंका कुठून काढणार?

पहिल्याच सकाळी सवयीने त्याचा हात वर गेला. जुने बॉयलरवाले पाळी सुरू करताना सेफ्टी वाल्व्हची दांडी उचलून बघतात. फुसकन वाफ सुटली की जीव भांड्यात पडतो. इथे दांडी हललीच नाही. वाफ वाया जाऊ नये म्हणून ती जाड तारेने करकचून बांधली होती. दाब वाढला तर वाफेला वाटच नव्हती. बॉयलर कधीही फुटला असता. मालक खूश का झाला, तेही कळलं.

तार कापावी? वाफ सुटली की मालक धावत येणार, हेल्परला एवढी अक्कल कुठून आली म्हणून विचारणार. म्हणजे पुन्हा चहा आणि पुन्हा दार. बॉयलरवाला मूग गिळून बसला. त्याचं स्टूल तेवढं रोज थोडं थोडं दाराकडे सरकू लागलं.

भिंतीपलीकडे इस्त्रीच्या बायका होत्या. त्यातली एक येता-जाता चेष्टा करी. "काका, तुमचं स्टूल उद्या रस्त्यावर जाणार बघा! एवढं उकडतं का?"

"उकडतं गं," तो म्हणे आणि मान खाली घाली. त्याला स्वतःची लाज वाटे. पण लाज वाटली तरी स्टूल काही मागे जात नसे.

एका संध्याकाळी तो घरी आला तर बायको दारातच उभी.

"अहो, तुमच्या मालकांनी मलाही घेतलं! उद्यापासून इस्त्रीला. टेबल बॉयलरच्या भिंतीलाच लागून आहे म्हणे. जेवायला बरोबर बसू."

"तू जायचं नाहीस."

"का म्हणून?"

त्याने सगळं सांगितलं. वाल्व्ह, तार, स्टूलसुद्धा. ती त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

"मला जाऊ नको म्हणालात," ती हळूच म्हणाली. "त्या बायकांना म्हणालात का?"

त्याने मान खाली घातली. गप्प बसायला आपणच सांगितलं होतं, हे तिलाही आठवलं असावं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

लांबून लॉन्ड्रीचा भोंगा ऐकू आला. दुसरी पाळी आत जात होती. तो पायात चपलाही न घालता धावत सुटला.