शिवणबाईंचा निबंध

“हे तुम्हीच लिहिलंत?” मी तिसऱ्यांदा विचारलं आणि शिवणबाई तिसऱ्यांदा “हो सर” म्हणाल्या. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. खरं सांगतो, त्यामुळेच माझा संशय वाढला. खरा माणूस एव्हाना रडकुंडीला येतो, असा माझा सव्वीस वर्षांचा अनुभव होता.

संध्याकाळच्या कॉलेजात मी साहित्य शिकवतो. दिवसभर नोकरी करून दमलेली माणसं माझ्यापुढे येऊन बसतात आणि मी त्यांच्या नकला पकडतो. मुलं माझ्यामागे मला फौजदार म्हणतात. मला ते आवडायचं, लपवून काय करू.

शेवटच्या वर्षाला निबंधाचा विषय दिला होता: युरोपातल्या परीकथांच्या नायिका आणि जुन्या संस्कृत नाटकांच्या नायिका, यांची तुलना. एकेचाळीस निबंध आले. त्यातले चाळीस एकाच गाइडमधून उतरवलेले, गाइडातल्या चुकांसकट. ते मी सुखाने पास केले, कारण माल कुठून आला ते ठाऊक होतं. एकेचाळिसावा मात्र कुठेच सापडेना. वाचनालय पालथं घातलं, जुने अंक चाळले, तरी नाही. जे कुठेच सापडत नाही ते नक्की लांबून आणलेलं असणार, असं मी ठरवून टाकलं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

निबंध शिवणबाईंचा होता. वय बावन्न, एका थिएटरात कपडेपट सांभाळायच्या. त्यांनी लिहिलं होतं की परीकथेतली मुलगी राजकन्या होते तेव्हा तिला स्वतःला काहीच करावं लागत नाही. फाटका झगा वरून नुसता टाचलेला असतो, अंधारात कपडेपटातल्या दोघींनी दोरा ओढला की गळून पडतो, आणि प्रेक्षकांना जादू वाटते. संस्कृत नाटकातल्या नायिकेला मैत्रिणी सगळ्यांदेखत सजवतात. पण राजाने ओळख नाकारल्यावर पुढचा मळका वेश तिला विंगेत एकटीनेच चढवावा लागतो, कारण तोवर मैत्रिणींचं नाटकातलं काम संपलेलं असतं. शेवटी लिहिलं होतं, ‘दोन्हीकडे मुलगी खोटं बोललेली नसते. तरी खरी असल्याचं तिलाच दाखवावं लागतं. संशय घेणाऱ्याला कोणी काही दाखवायला सांगत नाही.’

या ओळीशेजारी मी लाल शाईने लिहिलं होतं, ‘संदर्भ?’ वर बासष्ट मार्क दिले होते, ते खोडले.

बाईंनी एवढंच सांगितलं की महिनाअखेरीला निकालाचा कागद दिला तर थिएटरचे मॅनेजर त्यांना कपडेपटाच्या प्रमुख करणार आहेत. अकरा वर्षं ते काम त्याच करत होत्या, फक्त त्या नावाने नाही. मला वाटलं, बघा, चोरीला कारणही मिळालं.

मग मी त्यांना माझ्यासमोर बसवलं आणि त्याच विषयावर नव्याने लिहायला सांगितलं. दोन तासांत त्यांनी चार ओळी लिहिल्या. अधूनमधून खिडकीबाहेर बघत, शब्द खोडत, पुन्हा तोच शब्द लिहीत. चोर रंगेहाथ सापडल्याचा आनंद मला झाला. मी निकाल रोखला आणि चौकशीचा कागद वर पाठवला.

घरी जेवताना ही हकिकत मी रंगवून सांगितली. आमची ही शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “तुमच्या शिकवायच्या वहीत तुमची स्वतःची अशी ओळ कुठली हो?”

मी चिडलो. ती वही माझ्या सरांच्या वहीवरून उतरवलेली आहे, हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. त्या रागातच मी पुढच्या महिन्याच्या चार तारखेला थिएटरात गेलो. खरा लेखक तिथलाच कोणीतरी दिग्दर्शक असणार, त्याला गाठायचं होतं.

कपडेपटाच्या खोलीत शिवणबाई खाली बसून झग्याला काज करत होत्या. टेबलाशी पंचविशीतली एक मुलगी होती. ती नवी प्रमुख, एक तारखेपासून. तिच्याकडे कागद होता.

भिंतीवरच्या खिळ्याला मापांच्या चिठ्ठ्या खोचल्या होत्या. वाऱ्याने उलटल्या तसं मला मागे बाईंचं अक्षर दिसलं. मी न विचारताच काढून घेतल्या. छाती, कंबर, उंची, तारीख, आणि प्रत्येकीच्या पाठीवर एक-दोन ओळी. खोडलेल्या, पुन्हा लिहिलेल्या. पहिली तारीख सात महिन्यांपूर्वीची. ‘संशय घेणाऱ्याला’ ही ओळ पाच चिठ्ठ्यांवर पाच तऱ्हांनी होती. विषय मी वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर केला होता. बाई तेव्हापासून लिहीत होत्या. जन्मात कोणी मला एवढं मनावर घेतलं नव्हतं.

मी चिठ्ठ्या बाईंपुढे धरल्या. “हे तेव्हाच का नाही दाखवलंत?”

“तुम्ही विचारलंत, लिहिलं का. मी हो म्हटलं ना सर.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी तर चाळीस चोरांना पास करून हे केलं होतं. मला माझीच शरम वाटली. दोन दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून चौकशी मागे घेतली, निकालपत्र हाताने तयार करून घेतलं आणि स्वतः थिएटरात घेऊन गेलो.

बाईंनी हात पुसून कागद घेतला. सावकाश वाचला, जसं लिहितात तसंच.

“सर, त्या दिवशी बासष्ट खोडलेले दिसले होते. इथे सदुसष्ट आहेत.”

“असू द्या.”

“हे पाच कसले?”

मी खाली बघत म्हणालो, “माझ्या चुकीचे.”

“ते माझ्या निबंधात नका घालू.” त्यांनी टेबलावरचं पेन माझ्यापुढे धरलं. “बासष्ट करा.”

मी सदुसष्ट खोडले, बासष्ट लिहिले, शेजारी सही केली. त्यांनी आकडा पुन्हा बघितला, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि मला चहा विचारला. मी नको म्हणालो.

तेवढ्यात आतून नव्या मुलीने हाक मारली, तिला कुठल्याशा झग्याचा दोरा सापडत नव्हता. शिवणबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“आले हं, मॅडम,” त्या म्हणाल्या.