फोन ठेवल्यानंतर

रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घेणं हे तिचं काम. आठ तास कानाला हेडफोन आणि त्यात लोकांचा आकांत. घरी आली की हातात मोबाइल. कुठे युद्ध, कुठे पूर, कुठे दंगल! बातमी वाचायची, चौघांना पाठवायची, पुढची उघडायची. रविवारी चर्चमधल्या उपासनेतही तिचा अंगठा थांबत नसे.

"अगं, साऱ्या जगाचा घोर तुझ्या एकटीच्याच गळ्यात घातलाय का कुणी?" नवरा म्हणायचा. त्यावर ती त्याच्या अंगावर खेकसायची.

एकदा सकाळी वेणी घालून घेताना सहा वर्षांच्या लेकीनं विचारलं, "आई, आज आपल्यातलं कोण मरणार?"

तोच प्रश्न डोक्यात घेऊन ती कामाला गेली.

त्याच दिवशी कामावर चूक झाली. एका आजोबांच्या छातीत दुखत होतं. त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलेल्या घर क्रमांकातले आकडे हिनं उलटे लिहिले. गाडी भलत्याच गल्लीत गेली. सात मिनिटं वाया! आजोबा वाचले, पण ही मात्र डबा न उघडताच रडत बसली.

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या बाई जवळ येऊन बसल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत.

"मावशी, तुम्हीही रोज हेच ऐकता. तुम्हाला काहीच कसं होत नाही?"

"होतं ना! पण फोन ठेवला की मी डोळे मिटते. म्हणते, प्रभू येशू, माझ्याच्यानं झालं तेवढं केलं, आता हा माणूस तुझ्या हाती. मग पुढचा फोन."

"बोलायला सोपं आहे. प्रभू असताना हे घडतंच का?"

मावशींनी तिचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. "ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या अपघाताचा फोन मीच घेतला होता. तो गेला. वर्षभर चर्चची पायरी चढले नाही. प्रभूशी नुसती भांडायचे. भांडता भांडता एक दिवस जाणवलं, हा ऐकतोय! क्रुसावर ज्यानं इतकं सोसलं, त्याला माझं रडणं परकं कसं असेल?"

"मग काय, बातम्या बघायच्याच नाहीत?"

"बघ की! पण बघून करतेस काय? स्वतः घाबरतेस आणि चौघांना घाबरवतेस. त्यापेक्षा प्रार्थना कर, जमेल ती मदत कर."

दोनच दिवसांनी कामावर एक फोन आला. "बायको उठत नाहीये! झोपलात काय तुम्ही लोक?" पाठोपाठ शिव्या. 'प्रभू, माझा आवाज सांभाळ,' ती मनात म्हणाली.

"दादा, मी फोन ठेवणार नाही. आधी पत्ता सांगा." तिनं तो पुन्हा वाचून पक्का केला. विचारल्यावर कळलं, बायकोचा श्वास चालत नव्हता. "छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबा. मोजा माझ्याबरोबर. एक, दोन..."

शिव्या देणारा तो माणूस रडत रडत मोजू लागला! गाडी थेट दारात पोचली आणि फोन बंद झाला. ती बाई वाचली का, हे हिला कधीच कळलं नाही. पण तिनं डोळे मिटले आणि त्या दोघांना प्रभूच्या हाती दिलं. मग पुढचा फोन घेतला.

त्या संध्याकाळी मोबाइल कपाटात ठेवून ती लेकीसोबत प्रार्थनेला बसली. "एका काकूंना बरं नाहीये," एवढंच तिनं सांगितलं.

"आणि गाडी चालवणाऱ्या काकांनासुद्धा सांभाळ," लेकीनं आपणहून जोडलं.

वाचकहो, जग उद्याही असंच अशांत असेल. आपल्याला भीती वाटेल, रडूही येईल. पण जे आपल्याला पेलत नाही ते प्रभूच्या हाती सोपवता आलं, तर आपले दोन हात मोकळे होतात. ते शेजाऱ्याच्या कामी यावेत, यासाठीच तर ही शांती आहे!