हातात पान असून

माझ्या भाच्याच्या आत्याला पत्त्यांत कुणी हरवलेलं मला आठवत नाही, आणि कुणी हरवलं असेलच तर तिने ते कुणाला आठवू दिलेलं नाही. मी त्याच भाच्याचा मामा. आत्या आणि मामा ही नाती एकमेकांवर नजर ठेवण्यासाठीच असतात. पोराचं वाटोळं कुणाच्या लाडाने झालं, याचा हिशोब दोन्ही पक्षांकडे वेगवेगळा असतो. रविवारी दुपारी मेंढीकोट खेळताना मात्र आम्ही दोघं भिडू आणि समोर भाचा आणि भाचेसून. नवराबायको भिडू असली की ती एकमेकांशीच भांडतात आणि आपलं फावतं, असं आत्याचं गणित. तिचं गणित सहसा चुकत नाही.

खेळ अवघड नाही. चारही दश्श्या, म्हणजे मेंढ्या, एका पक्षाने ओढल्या की दुसऱ्यावर कोट. कायदा एकच: उतारी ज्या रंगाची, त्याच रंगाचं पान द्यायचं. तो रंग हातात नसेल तरच दुसरं. रमीत थोडी लबाडी खपते, चॅलेंजमध्ये खोटं बोलणं हाच खेळ, आणि गुलामचोरात चोर ठरण्याची कुणाला लाज वाटत नाही. मेंढीकोटात हातात पान असून दुसरं टाकलं, तर माणूस एक तर लबाड, नाहीतर कामातून गेलेलं.

आत्या एकटी राहायची. गेल्या वर्षी एकदा ती किल्ली आत ठेवून बाहेर आली आणि दाराचं कुलूप लागलं. भाचा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे अडकलेल्या माणसांना बाहेर काढायची त्याला सवय. आत जायला न मिळणारं माणूस त्याला नवीन होतं. कुलूप तोडून झाल्यावर तो म्हणाला, आता आमच्याकडेच चल. आत्याने चार शेजाऱ्यांसमोर उत्तर दिलं, ज्या दिवशी हातात पान असून मी उतारी चुकवीन, त्या दिवशी मला खुशाल उचलून न्या. भाचा म्हणाला, ठरलं. शेजारी हसले. झालं, बोलून बसली.

पुढे ते शेजारी एकेक करून जागा सोडून गेले. समोरच्या घरात कुणीतरी कार्यालय थाटलं, ते रविवारी बंद आणि इतर दिवशी दार लावून घेतलेलं. आत्या रविवारी लवकर येऊ लागली आणि निघताना चपला शोधायला वेळ लावू लागली. मागच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे का, असं तिने मला सहज विचारलं. ज्या माणसाने आयुष्यात माझ्याकडून काही जाणून घेण्याची गरज दाखवली नाही, त्याने दिशा विचारली, तेव्हाच मला पुढचं दिसलं. तिला यायचं होतं. पण यायचं आहे असं म्हणायचं नव्हतं. म्हणजे उरला एकच रस्ता.

मागची खोली भाचेसुनेची. ती तिथे शाळांचे गणवेश शिवते. शिलाई मशीन, इंटरलॉकचं मशीन, भिंतीला टेकवलेले तागे, आणि मधोमध कापड कापायचं लांब टेबल. त्याच टेबलावर आम्ही खेळायचो, खडू आणि कात्र्या एका कडेला सारून. जागा कुणाची जाणार, हे त्या टेबलापाशी बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नव्हतं. अपवाद भाच्याचा. त्याला स्वतःच्या हातातली पानंच जेमतेम दिसतात.

पहिल्यांदा झालं ते असं. भाच्याने इस्पिकची उतारी केली. आत्याने शांतपणे चौकटची तिर्री टाकली. दोन हातांनंतर तिने इस्पिकचा राजा काढला आणि टेबलावर ठेवून त्याच्यावरून बोटही फिरवलं, न जाणो, कुणाला दिसला नसेल तर. मला दिसला. भाचेसुनेलाही दिसला. एरवी समोरचा पान उचलताना खोकला तरी हरकत घेणारी ती बाई, हात गोळा करून म्हणाली, पुढचं पान कोणाचं?

मी बोलू शकत नव्हतो. भिडूची चोरी भिडूने सांगायची नसते. आमच्यावर त्या दिवशी कोट चढला.

पुढच्या रविवारी आत्याने मुद्दाम मोठी उतारी चुकवली. या खेपेला भाच्यालाही शंका आली. तो विचारू लागला, आत्या, तुझ्याकडे किलवर नव्हतं ना? आत्याचा चेहरा उजळला. तेवढ्यात भाचेसून म्हणाली, जुना कॅट आहे, पानं चिकटतात. त्याच्या पुढच्या रविवारी नवा कॅट आला, प्लास्टिकचा, इतका गुळगुळीत की पिसताना अर्धी पानं ताग्यांखाली गेली. आत्याने नव्या पानांतही चूक केली. मग उजेड कमी ठरला. आत्या चष्मा पुसून, दिव्याखाली खुर्ची ओढून बसली आणि बदामाच्या उतारीवर किलवरचा गुलाम टाकला. भाचेसून म्हणाली, गुलाम सगळे सारखेच दिसतात.

भाचेसून हे आकसाने करत नव्हती, हे लिहून ठेवायला हवं. आत्याला ती गरम जेवण वाढायची, परतताना रिक्षापर्यंत सोडायची. फक्त आत्याला म्हातारी होऊ देत नव्हती. घरोघरी सुना सासवांना वेंधळ्या ठरवायला टपलेल्या असतात. इथे एक बाई वेंधळी ठरायला जिवाचं रान करत होती आणि दुसरी तिला शहाणी ठरवून घरी पाठवत होती. मधल्या मधे कोट माझ्यावर.

आत्याला बरोबर खेळायची इतकी सवय, की तिला चुकतानाही हिशोब सुटेना. मेंढी नेमकी कोणत्या हातात जाईल, हे मोजून ती चुकायची. त्यामुळे चूकही चूक वाटायची नाही. शेवटी एका रविवारी तिने हिशोब सोडला. हुकूम बदाम होता, उतारी चौकटची. तिने हातातली चौकटची राणी आधी सगळ्यांना दिसेल अशी वर काढली, परत खोवली, आणि तिच्या जागी इस्पिकची दुर्री टाकली.

भाचेसून दुर्रीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे आत्या, होतं असं."

आत्याने सगळी पानं टेबलावर उताणी ठेवली. "अगं बाई, माणसाने चुकायचं तरी किती?"

भाचा म्हणाला, म्हणजे काय? भाचेसुनेने कडेची कात्री उचलली, उगाच उघडली, मिटली.

"मशीन कुठे ठेवू मी, आत्या? ऑर्डर अर्ध्यावर आहे. ही खोली गेली तर माझं काम गेलं."

"मशीनला जा म्हणतंय कोण? मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं. दिवसभर कानात शंभर माणसं. आता घरात नळ टपकला तर मी त्याच्याशी बोलते." आत्याने चष्मा काढला. "मशीन चालू असलं तर झोप लागेल मला. बंद करू नकोस म्हणजे झालं."

भाचेसून बराच वेळ ताग्यांकडे पाहत होती. मी पाहिलं, ती दोन तागे कुठे हलवता येतील ते मोजत होती. आत्याचा भिडू असल्याने हे मोजणं मला ओळखता येतं.

एवढ्यात भाच्याच्या डोक्यात प्रकाश पडला, पण उलट्या बाजूने. तो म्हणाला, म्हणजे आत्या मुद्दाम चुकत होती. म्हणजे ती चुकतच नाही. मग ठरल्याप्रमाणे तिला आणायचं काही कारणच उरत नाही. कायद्याने तो बरोबर होता. आत्याचा चेहरा पडला. एवढं सगळं करून ती आपल्याच अटीत अडकली होती, आणि या वेळी लिफ्टवाला बाहेरून दार लावत होता.

"मुद्दाम बिद्दाम काही नाही," भाचेसून म्हणाली. "हातात पान असून उतारी चुकवली, की चुकली. मी पाहिलंय." आणि तिने सांगायला सुरुवात केली. इस्पिकचा राजा असताना चौकटची तिर्री. किलवर असताना बदामाचा नव्वा. मग किलवरचा गुलाम. रविवार न चुकवता, पानागणिक, मी विसरलेल्या दोन चोऱ्यांसकट. आत्या ऐकत होती आणि मान डोलवत होती, जणू तिच्या सत्काराचं भाषण चाललंय. शेवटची दुर्री झाल्यावर भाचेसून नवऱ्याला म्हणाली, "ठरलं होतं ना? मग उद्या टेम्पो सांग."

भाचा टेम्पो सांगायला उठला. मीही उठायला लागलो. माझा या व्यवहारात घेण्यादेण्याचा संबंध संपला, असं माझं मत होतं.

"मामा, बसा," भाचेसून म्हणाली. "पान चोरल्याचा दंड दोन्ही भिडूंवर असतो. तुम्ही पण सगळं बघत होतात."

दुसऱ्या दिवशी आत्याचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं. लिफ्टमध्ये ते मावत नव्हतं, हे लिफ्टवाल्यानेच मोजून सांगितलं. खालचं टोक माझ्याकडे होतं. आत्या वरच्या पायरीवर उभी राहून, कुठे डावीकडे घ्यायचं आणि कुठे थांबायचं, ते सांगत होती, आणि एकदाही चुकली नाही.