दुबलगुंडीचं थंड कमळ

दुबलगुंडीच्या शिवारातल्या त्या पत्र्याच्या गोदामात पूर्वी तूर साठवत. गेल्या दिवाळीपासून तिथं भोळसटपणा साठवला जाऊ लागला. दर गुरुवारी हुमनाबाद, जनवाडा, पार कलबुर्गीपासून जीपा भरून माणसं यायची आणि अंधारात गुडघ्याला गुडघा लावून बसायची. कशासाठी? काचेत कमळ उमलताना बघायला.

तेल नाही, वात नाही, ऊब नाही. महाराजांनी डोळे मिटून हुंकार दिला की चौरंगावरच्या जाड काचेच्या पेटीत हिरवट कमळ उजळायचं. बाया गालांवर थपडा मारून घ्यायच्या, बाप्ये आडवे पडायचे.

"हात लावून बघा रे!" शीतलज्योती महाराज गरजायचे. "बल्ब हात भाजतो, समई भाजती. माझी ज्योत बर्फावाणी थंड! कामून? त्यात गुरुमाउलीच्या धुनीचं काजळ हाय. तेच तुमच्या डोळ्यांत घालायलोय. मोतीबिंदू, काचबिंदू, सगळे बिंदू पळाले पायजेत!"

न भाजणारे एलईडी दिवे प्रत्येकाच्या घरात होते. पण गोदामात शिरताना लोक चपलांबरोबर अक्कलही बाहेर काढून ठेवत. महाराज पूर्वाश्रमी भंगाराचा धंदा करत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तो सोडला, त्याला लोक वैराग्य म्हणत.

महाराजांची अट एकच. औषधाची बाटली चौरंगाजवळच्या टोपलीत टाकायची. औषध आणि ज्योत एका डोळ्यात नांदत नाहीत म्हणे.

त्या टोपलीत माझ्या आत्याचीही बाटली होती.

सावित्रीबाई माझी आत्या. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, शिकवलं. आज मी हुमनाबादच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते ते तिच्यामुळं. तिला काचबिंदू. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा रोग कडेकडेनं नजर खात येतो, मधली नजर शेवटी जाते, आणि गेलेली परत येत नाही. थेंब चुकवायचे नाहीत. एकदा घरी गेले तर आत्या दाराच्या चौकटीला धडकली. पापण्यांना काजळाचे थर, डोळे लालभडक.

"आत्या, थेंब कामून घालत न्हाईस?"

"आता गरज न्हाई, पोरी. कमळाची पाकळी न् पाकळी दिसायलीय मला. त्या डॉक्टरला काय कळतंय?"

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. त्याच तसबिरीखाली बसून मी शाळेचा अभ्यास केला होता. मला रडू आलं नाही, संताप आला. त्या गुरुवारी मी तिच्याबरोबर गोदामात गेले.

महाराजांनी तिला पुढ्यात बसवलं, नाक काचेला लागेल इतकं जवळ. "नजर हलवायची न्हाई, माई. हलवली की गुरू रुसतो." हुंकार झाला, कमळ उजळलं. "दिसतंय का?"

"दिसायलंय, बाबा! सगळं दिसायलंय!"

गोदाम जयजयकारानं दणाणलं. तिची मधली नजर अजून शाबूत होती आणि कमळ बरोबर मध्ये होतं. ते दिसणारच! पण अंगात आलेल्यांना कोण सांगणार?

भजनासाठी विरुपाक्ष नावाच्या सेवेकऱ्यानं मोठा स्पीकर उचलून पेटीवरून पलीकडे नेला. त्या क्षणी कमळ एका बाजूला कललं आणि पुन्हा सरळ झालं. लोक डोळे मिटून टाळ्या पिटत होते. मी बघितलं. जुन्या डबड्या टीव्हीवर स्पीकर ठेवला की चित्र बिघडायचं आणि घरचे ओरडायचे, ते आठवलं. मी उठले, स्पीकर घेतला आणि पेटीवर धरला. कमळ घसरत पार कडेला गेलं.

"पापीण!" महाराज किंचाळले. "हिच्या स्पर्शानं माउली पळाली!"

लोक माझ्यावर धावून आले. मी स्पीकर विरुपाक्षच्या हातात दिला. "तू तर पुण्यवान हाईस ना, अण्णा? तू धर."

त्यानं धरला. कमळ घसरलं. त्यानं लांब नेला, कमळ जागेवर आलं. पुन्हा धरला, पुन्हा घसरलं.

"महाराज, मी बी पापी व्हय?" विरुपाक्षनं विचारलं.

तेवढ्यात आत्यानं मला हाक मारली. ती जशी बसवली तशीच, मान ताठ, नजर समोर ठेवून बसली होती.

"पंचशीला... कमळ कुठं गेलं गं?"

"तिथंच हाय की, अक्का," शेजारची मल्लम्मा म्हणाली. "बाजूला."

"मला दिसंना गेलंय."

लोक वाकून काचेकडं बघू लागले. वीतभर सरकलेलं कमळ सगळ्यांना दिसत होतं. एका तिलाच दिसत नव्हतं.

विरुपाक्षनं चौरंगाची भगवी चादर ओढली. खाली बॅटरी, एक डबा आणि काचेकडे गेलेल्या तारा. तो तारेला हात घालणार तोच महाराज चार हात मागं उडाले.

"हात लावू नको, भाड्या! मरशील! हजारो व्होल्ट हाईत!"

बर्फावाणी थंड माउली ती हीच!

तार महाराजांच्या आसनापर्यंत गेली होती; तिथं पायाखाली लपवलेलं बटण मी बंद केलं आणि गोदामाचं शटर वर ढकललं. उन्हात ती पेटी निव्वळ धुळकट काच होती. त्यात काजळी होती, एवढं मात्र बाबा खरं बोलला होता. धुनीची नव्हे, प्रयोगशाळेची. केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक कार्बनच्या नळ्या, कमळाच्या आकारात थापलेल्या. डास मारायच्या बॅटीत असतो तसला, पण कितीतरी जास्त विजेचा दाब दिला की त्यांच्या टोकांतून इलेक्ट्रॉन सुटतात. तापवायची गरज नाही, म्हणून काच थंड. आतली हवा काढलेली असते. इलेक्ट्रॉन समोरच्या काचेवरच्या भुकटीवर आदळतात आणि ती उजळते. स्पीकरमधलं लोहचुंबक त्यांची वाट वळवतं. टीव्ही सपाट करायच्या खटपटीत अशा काचा बनल्या, दुसरे पडदे स्वस्त निघाले आणि ह्या मागं पडल्या. त्यातलीच एखादी ह्या भंगारवाल्याला मिळाली असणार. शास्त्रज्ञांनी जन्म घालवून केलेली करामत ह्या भामट्यानं माणसं आंधळी करायला वापरली.

लोक टोपलीवर तुटून पडले. ज्यांना बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या ते दुसऱ्यांच्या तोंडापुढं बाटल्या नाचवत होते. "ही माझी का बघा हो!" महाराजांची बाजू घेणारे तरीही काही होतेच. ते पुढच्या वर्षी दुसरा बाबा शोधतील.

आत्या उठली, चाचपडत माझा हात धरला.

"बाजूचं गेलं ते आता यायचं न्हाई ना?"

"न्हाई, आत्या."

"मग समोरचं तरी राहू दे. चल, कलबुर्गीला जाऊ."

बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडू नका, चादर ओढा. चादर ओढू देत नसेल तर तिथून उठा. आणि डोळ्यांत थेंब घालत असाल तर ते डॉक्टरशिवाय दुसऱ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आत्या आता माझ्या डाव्या बाजूनं चालते आणि मी तिच्या उजवीकडून बोलले की दचकते.