सातवं कलम

"काकू, खाडाखोड चालत नाही," काउंटरवरचा माणूस म्हणाला आणि त्याने फॉर्म माझ्याकडे परत सरकवला.

मी सातवं कलम खोडलं होतं. पट्टी लावल्यासारखी सरळ एक रेघ, आणि समासात माझी छोटी सही. एकोणीस वर्षं मी एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. तिथे असंच करतात. जे मान्य नाही ते खोडायचं, शेजारी सही करायची आणि कागद पुढे ढकलायचा.

"का चालत नाही?"

"आजवर कुणी खोडलं नाही."

"आजवर कुणी वाचलं नसेल."

रांगेत कुणीतरी हसलं. माझी भाची हसली नाही. लोक दुसऱ्याच्या रडणाऱ्या पोराकडे बघतात, तशी ती माझ्याकडे बघत होती.

इथे तिनेच आणलं होतं. दुपारी कायद्याचा शेवटचा पेपर संपला. आम्ही दोघी एकाच वर्गात. ती बावीस वर्षांची, मी त्रेचाळीस. तिची परीक्षेची पहिली वेळ, माझी तिसरी. तिसरीनंतर चौथी नसते, कॉलेज नाव काढून टाकतं. मागच्या वेळी सहा मार्कांनी गेले. या वेळी महिनाभर ऑफिसातून आल्यावर ओट्याशी उभी राहून वाचलं, कारण बसलं की डोळे मिटायचे. बाहेर पडल्या पडल्या भाची म्हणाली, "मावशी, पेपरबद्दल एक शब्द बोलायचा नाही. डोकं रिकामं करायचं. भिंतीवर चढायचं." आणि मला या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन आली. इथे दोन मजली भिंतींवर रंगीत खुंट्या ठोकल्यात आणि धडधाकट माणसं हौसेने त्यांना लटकतात.

सातव्या कलमात लिहिलं होतं, संस्थेच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली तरी संस्था जबाबदार राहणार नाही.

"कर गं सही," भाची हळूच म्हणाली. "हे कलम कोर्टात टिकतच नाही. आजच तर आला होता प्रश्न. चौथा. जिमचा फॉर्म, सभासदाचा पाय मोडतो."

"पेपरबद्दल बोलायचं नव्हतं ना?"

"सॉरी. पण तू तेच लिहिलंयस ना, टिकत नाही म्हणून?"

मी खोडलेल्या फॉर्मची घडी घातली.

मी लिहिलं होतं, टिकतं. वीस मार्कांचा प्रश्न, साडेतीन पानं, अगदी झोकात. सही केली म्हणजे माणूस बांधला गेला. हे पुस्तकातलं उत्तर नव्हतंच. हे आमच्या साहेबांचं उत्तर होतं. साहेब कंपन्यांचे वकील. हातपाय मोडलेला माणूस भरपाईचं बोलायला आला की साहेब कागद उलटवतात, सहीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "ही तुमचीच ना?" माणूस खाली बघतो. "मग संपलं." एकोणीस वर्षं हे ऐकत मी टाइप करतेय. पुस्तकातलं उत्तर मला पान नंबरासकट पाठ होतं. पण घड्याळाकडे बघत लिहिताना हाताने ऑफिसातलं लिहून टाकलं. आणि इथे, जिथे काडीचे मार्क नाहीत, तिथे त्याच हाताने कलम खोडलं.

स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याऐवजी मी कोरा फॉर्म मागितला आणि सही ठोकली.

दोर धरायला एक बाई होती. माझ्याच वयाची, आखूड केसांची. तिने माझ्या कमरेचा पट्टा ओढून पाहिला.

"पायांवर उभ्या राहा, हातांवर लटकू नका."

"हात आधीच गेलेत," मी म्हणाले. सहा पेपर, तीन-तीन तास. मधल्या बोटावर पेनाचा घट्टा सुजला होता. खुंटी धरली की ठणकायचा.

पहिल्यांदा चार खुंट्या चढले. दुसऱ्यांदा पाच. शेजारच्या भिंतीवर भाची पालीसारखी सरसर वर गेली. माझ्या खाली तीन अनोळखी पोरं सल्ले द्यायला जमली.

"काकू, डावा पाय हिरव्यावर."

"काकू, श्वास घ्या."

"इतका वेळ मग काय घेत होते?"

तिसऱ्यांदा मी रागाने चढले. प्रत्येक खुंटी साहेबांचं नाक समजून पकडली. अर्ध्या भिंतीपर्यंत गेले आणि अडकले. वरची पिवळी खुंटी वीतभर लांब. हात पोचेना, खाली उतरता येईना, पाय शिलाई मशीनसारखे थडथडायला लागले.

"हात सोडा," दोरवाली खालून म्हणाली. "मागे रेला. मी धरलंय."

"आणि तुमच्या हातून सुटलं तर?"

"नाही सुटणार."

"सुटलं तर विचारायचीही सोय नाही. सही केलीय मी."

पोरं हसली. दोरवाली हसली नाही. "मीपण केलीय," ती म्हणाली.

मी हात सोडले नाहीत. ते आपोआप सुटले. वाळत घातलेल्या चादरीसारखी मी हवेत गिरकी घेतली आणि तिने मला सावकाश गादीवर उतरवलं.

भाची धावत आली. "मजा आली ना?"

"नाही."

"डोकं तरी रिकामं झालं?"

"वीस मार्कांनी."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला. "अगं, पण बाकीच्या प्रश्नांत…"

"पाणी आण," मी म्हणाले.

ती गेल्यावर दोरवाली शेजारी येऊन बसली. "तुम्ही खोडत होतात तेव्हा मी मागेच होते. ते खरंच खोडता येतं?"

"का?"

तिने उजवा खांदा चोळला. गेल्या वर्षी एक वजनदार गिऱ्हाईक वरून सुटलं. दोर अडवणारी क्लिप झिजलेली होती, ती धरेना. तिने दोर हातावर झेलला आणि खांदा निखळला. चार महिने घरी. मालकाने कामावर घेतानाचा कागद पुढे केला, त्यातही असंच कलम. "म्हणाला, सही तुझीच ना? मी घरी गेले."

साहेबांचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"क्लिप बदला म्हणून लेखी सांगितलं होतं?"

"दोनदा. रजिस्टरमध्ये आहे."

"मग ते कलम टिकत नाही. सही असली तरी."

"तुम्ही वकील आहात?"

"नाही. आणि आता होईन असं वाटतही नाही. कागद आहे का?"

कागद नव्हता. माझ्या पिशवीत प्रश्नपत्रिका होती, तिची मागची बाजू कोरी. मांडी घालून मी मालकाच्या नावे नोटीस लिहायला घेतली. रजिस्टरच्या तारखा विचारल्या, अपघाताची विचारली, डॉक्टरांनी काय लिहून दिलंय ते विचारलं. बोटं वाकत नव्हती म्हणून पेन मुठीत धरलं. खुंटीवरून पकड सुटू नये म्हणून हाताला लावलेली पांढरी पूड अक्षरांवर झडत होती. एकही वाक्य अडलं नाही. जे दुपारी यायला हवं होतं, ते सगळं आत्ता आलं. भाची बाटली हातात घेऊन खांद्यावरून वाचत होती आणि पहिल्यांदाच काही बोलत नव्हती.

"इथे सही करा," मी म्हणाले.

दोरवालीने हळूहळू पूर्ण नाव लिहिलं. मग उजवीकडच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "आणि इथे कुणाची?"

"वकिलाची."

तिने पेन माझ्यापुढे धरलं.

"राहू दे मोकळी," मी म्हणाले, आणि गादीवर घरंगळलेलं पेनाचं टोपण शोधायला लागले.